काउंटीवाले नागरिकत्वाच्या कागदाला का विरोध करतात? काउंटरच्या आतून सांगते

प्रश्न थोडक्यात असा होता की अमेरिकेत मतदार नोंदणी करताना नागरिकत्वाचा कागद दाखवा असा नियम आणायचं चाललंय तर तिथल्या काउंट्या (म्हणजे राज्यातले जिल्हे, निवडणुकीचं काम त्यांच्याकडे), शहरं, गावातले क्लार्क त्याला विरोध का करतायत, नागरिकानेच मत द्यावं हे त्यांना पटत नाही का, आणि आपण भारतात कागद दाखवतोच की मग तिथेच एवढा गहजब कशाला.

उत्तर लांबणारे, चहा घेऊन बसा.

मी अ‍ॅरिझोनात राहते. २००८ ला सिटिझन झाले, दोन निवडणुका पोल वर्कर म्हणून काम केलं आणि मग एका काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात मतदार नोंदणीच्या खिडकीवर आणि नंतर मागच्या खोलीत मिळून अकरा वर्षं काढली, आता निवृत्त. काउंटीचं नाव घेत नाही, ती सवयच लागलीये. अ‍ॅरिझोनाचं सांगायचं कारण की बाकीच्या राज्यांत ज्याच्यावर आत्ता भांडण चाललंय ते आम्ही वीस वर्षं करतोय. त्यामुळे माझं मत टीव्हीवरून आलेलं नाही, टपालात येणाऱ्या पाकिटांतून आलंय.

आधी भारताचं उरकून घेते कारण तिथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. आपण फॉर्म ६ भरतो तेव्हा वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडतो, नागरिकत्वाचा नाही. नागरिक असल्याचं आपण फक्त लिहून देतो, खाली सही करतो, खोटं निघालं तर शिक्षा. आधार म्हणजे नागरिकत्व नाही हे तर आता सगळ्यांना पाठ झालंय. अमेरिकेत पण बहुतेक राज्यांत हेच आहे. १९९३ च्या कायद्याने जो देशभरचा फॉर्म आला त्यात मी नागरिक आहे असं शपथेवर लिहून सही करायची, २००२ नंतर त्यात लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे आले, ते मागे मशिनवर जुळवले जातात. आणि नॉन-सिटिझनने राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं हा आधीपासूनच गुन्हा आहे, तुरुंग आहे आणि वर देशाबाहेर काढतात. ग्रीन कार्डवाला माणूस एका मतासाठी पंधरा वर्षांचा संसार डावावर लावेल का हा विचार ज्याने ग्रीन कार्डची रांग लावलीये त्याने करून बघावा.

तर भांडण नागरिकानेच मत द्यावं की नाही यावर नाहीच, त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे की सिद्ध कोणी करायचं, कुठल्या कागदाने करायचं, आणि कागद नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवायचं पाप कोणाच्या माथी. ते येतं काउंटीच्या माथी. कायदा करणारा वॉशिंग्टनला नाहीतर राजधानीत बसलेला असतो आणि समोर रडणारी आजी माझ्या खिडकीवर असते.

आता अ‍ॅरिझोनाचं. २००४ ला इथे प्रपोझिशन २०० म्हणून जनमत झालं, लोकांनीच मत देऊन नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. ते कोर्टात गेलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की देशभरचा जो फॉर्म आहे तो राज्याने निमूट घ्यायचा, त्याला जास्तीचा कागद मागायचा नाही. निकाल लिहिला होता जस्टिस स्कालियांनी, म्हणजे कोणी डाव्या विचाराचा माणूस नव्हे. मग अ‍ॅरिझोनाने काय डोकं लावलं तर मतदारच दोन प्रकारचे केले. कागद दिलेला मतदार सगळ्याला मत देणार, कागद न दिलेला फक्त राष्ट्रीय पदांना. त्याला आम्ही फेड-ओन्ली म्हणतो. म्हणजे बघा हं, हा माणूस राष्ट्राध्यक्ष निवडायला चालतो पण गावच्या शाळेच्या बोर्डावर कोण असावं हे सांगायला चालत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात असे साधारण ४२,००० मतदार होते, आणि ते कुठे सापडतात तर कॉलेजांच्या आसपास आणि आदिवासींच्या राखीव भागात. आमच्याकडे येणारी पोरं म्हणायची की बर्थ सर्टिफिकेट ओहायोला आईच्या कपाटात आहे, आई म्हणते हरवशील, पाठवत नाही. काय बोलणार, माझी आईपण हेच म्हणाली असती.

काउंटीसाठी याचा अर्थ काय होतो ते बाहेर कोणाला दिसत नाही. प्रत्येक भागाची मतपत्रिका आधीच वेगळी, कारण शाळेचा जिल्हा वेगळा, अग्निशमनचा वेगळा, पाण्याचा वेगळा. आता त्या प्रत्येकाची दुसरी फेड-ओन्ली आवृत्ती. छपाई डबल, तपासणी डबल, पोल वर्करला शिकवायचं डबल, आणि चुकीच्या माणसाच्या हातात चुकीचा कागद गेला की दुसऱ्या दिवशी बातमी.

एक केस सांगते, आपल्यातलीच. एक काका आले होते, साठीच्या आतबाहेर, हातात चेनवाली प्लास्टिकची फाईल. त्यांना आमच्याकडून पत्र गेलं होतं की तुमचा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तुम्ही फेड-ओन्ली. काका लालबुंद. म्हणाले मी २०१३ ला शपथ घेतली, दोनदा मत दिलंय, आता काउंटी बदलली तर मी अर्धा नागरिक कसा झालो? खरं होतं त्यांचं. झालं होतं असं की त्यांनी अ‍ॅरिझोनाचं लायसन्स काढलं २००१ ला, एच-१बी वर. अशा लायसन्सला गाडी खात्याच्या सिस्टिममध्ये एफ असा शेरा पडतो, म्हणजे काढताना हा माणूस परदेशी नागरिक होता. पुढे तो सिटिझन झाला तरी तो एफ आपोआप पुसला जात नाही, खात्यात जाऊन सांगावं लागतं, आणि इथलं साधं लायसन्स वयाच्या ६५ पर्यंत चालायचं, मग जातंय कोण. नवीन काउंटीत नाव घालताना आम्ही लायसन्स नंबर टाकला, मशिनने एफ दाखवला, पत्र गेलं. कोणाची चूक म्हणाल? काकांनी फाईलमधून नॅचरलायझेशन सर्टिफिकेट काढलं, लॅमिनेट केलेलं. मी म्हटलं यावरचा नंबर द्या, आम्ही केंद्राच्या सिस्टिमवर तपासतो, झेरॉक्सपण चालेल. झेरॉक्स म्हटल्यावर काकांनी सर्टिफिकेट मागे ओढलं आणि त्याच्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. जुन्या सर्टिफिकेटांवर छापलेलं आहे की परवानगीशिवाय याची कॉपी काढणं, फोटो घेणं गुन्हा आहे. नियमाच्या कामासाठी कॉपी चालते हे मला माहीत आहे हो, पण ज्याने ते सर्टिफिकेट मिळवायला बारा वर्षं घासली तो माणूस त्या ओळीला घाबरणारच ना.

काकांचं दहा मिनिटांत झालं. पण काका इंग्रजी बोलणारे, गाडीवाले, सुट्टी टाकून आलेले. ज्याला ते पत्र कळलंच नाही किंवा जाहिरात समजून फेकून दिलं तो आला नाही, आणि न आलेला माणूस आम्हाला कधी दिसत नाही.

मग २०२४ ला आमच्या राज्यात जे झालं ते मी विरोधकांना आणि समर्थकांना दोघांनाही सांगते. १ ऑक्टोबर १९९६ नंतर काढलेलं अ‍ॅरिझोनाचं लायसन्स नागरिकत्वाचा पुरावा म्हणून धरतात कारण तेव्हापासून लायसन्सला कागदपत्रं बघायला लागले. त्याआधीचं धरत नाहीत. आता एखाद्याने १९९० ला लायसन्स काढलं, २००५ ला पाकीट हरवलं म्हणून डुप्लिकेट घेतलं, तर सिस्टिमला २००५ ची तारीख दिसायची आणि ती म्हणायची पुरावा आहे. असं वीस वर्षं चाललं. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅरिकोपा काउंटीत एका ग्रीन कार्डवाल्याचं नाव यादीत सापडलं, त्याने मत कधीच दिलेलं नव्हतं, पण नाव आलं कसं म्हणून मागे मागे शोधत गेले तर हे प्रकरण उघडं पडलं. आधी म्हणाले ९८,००० मतदार, मग आकडा गेला २,१८,००० वर. कोण होते हे लोक? चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे, तीस तीस वर्षं याच राज्यात राहिलेले, आणि पहिल्या ९८,००० त तर रिपब्लिकन मतदारच सगळ्यात जास्त. मॅरिकोपाचे तेव्हाचे रेकॉर्डर (काउंटीची मतदार यादी सांभाळणारे) स्टीफन रिचर रिपब्लिकन, राज्याच्या निवडणुका बघणारे सेक्रेटरी एड्रियन फॉन्टेस डेमोक्रॅट, दोघांचं मत वेगळं, म्हणून रिचरनी फॉन्टेस यांच्यावर दावा लावून राज्याच्या सुप्रीम कोर्टाला विचारलं की काय करू सांगा, कारण परदेशातल्या सैनिकांच्या मतपत्रिका निघायला थोडेच दिवस उरले होते. २० सप्टेंबरला कोर्ट म्हणालं की चूक सरकारची आहे, निवडणूक तोंडावर आहे, यांना पूर्ण मतपत्रिका द्या. सुटलो म्हटलं. पण त्यानंतर काउंट्यांनी त्या सगळ्यांना पत्रं पाठवायला घेतली की पुरावा आणून द्या, आणि सत्तरीतला माणूस, इथेच जन्मलेला, सैन्यात जाऊन आलेला, फोनवर तुम्हाला शिव्या घालतो, तेव्हा त्याला काय समजावणार की डुप्लिकेट लायसन्समुळे तुझ्या नागरिकत्वावर प्रश्न आलाय.

कॅन्ससचं थोडक्यात. तिथे २०१३ पासून असाच कायदा लागू झाला, तिथले तेव्हाचे सेक्रेटरी क्रिस कोबाक हे त्याचे कर्ते. कोर्टात आकडे आले ते असे की ३१,००० च्या वर अर्ज अडकले, म्हणजे नव्या अर्जांपैकी साधारण १२ टक्के, आणि १९ वर्षांत यादीत गेलेले नॉन-सिटिझन फार तर ३९. अडकलेले जवळजवळ सगळे नागरिकच होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. काउंटीचे क्लार्क त्या अडकलेल्या याद्या घेऊन फोन करत बसायचे की बाबारे कागद पाठव, आणि २०१५ पासून तर ९० दिवसांत कागद नाही आला तर अर्जच रद्द. २०१८ ला जज ज्युली रॉबिन्सन यांनी कायदा रद्द केला, वरच्या कोर्टांतही तेच टिकलं. तिथले पुढचे सेक्रेटरी स्कॉट श्वाब, हेही रिपब्लिकन आणि आमदार असताना याच कायद्याच्या बाजूने मत दिलेले, त्यांनी पण २०२४ मध्ये मान्य केलं की आमच्याकडे हे काही नीट जमलं नाही.

आता टेक्सास, कारण आपली माणसं तिथे भरपूर आहेत आणि ही गोष्ट खास आपल्यासारख्यांची आहे. जानेवारी २०१९ मध्ये राज्याने जाहीर केलं की ९५,००० मतदार नॉन-सिटिझन असू शकतात. यादी कुठून आली तर लायसन्स काढताना ज्यांनी ग्रीन कार्ड किंवा व्हिसा दाखवला होता त्यांची. म्हणजे आमच्या काकांचा एफ, तोच प्रकार, राज्याच्या मापाने. अहो टेक्सासमध्ये दरवर्षी हजारो लोक सिटिझन होतात, लायसन्स काढताना ते ग्रीन कार्डवर असणारच, शपथ घेतल्यावर मतदार होणारच, ही काय चोरी आहे? याद्या काउंट्यांकडे गेल्या आणि चार दिवसांत राज्याकडून फोन सुरू झाले की यातले काही लोक ऑलरेडी नागरिक आहेत हं, जरा थांबा. हॅरिस काउंटीला, म्हणजे ह्यूस्टनला, साधारण ३०,००० नावं आली होती, त्यातली ६० टक्के त्यांनी बसल्या बसल्या बाद केली. त्या वेळी काउंटी विरोध म्हणजे काय ते दिसलं, घोषणा नाही, मोर्चा नाही, काउंटीचे वकील म्हणाले आम्ही या यादीवर पत्रं काढणार नाही, एवढंच. काही काउंट्यांनी मात्र धडाधड पत्रं पाठवली आणि नव्या नागरिकांना घरी कागद गेले की ३० दिवसांत सिद्ध करा. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी एप्रिलमध्ये तडजोड झाली, यादी मागे घेतली, राज्याने खटल्याचा खर्च म्हणून ४,५०,००० डॉलर दिले आणि ही यादी काढणारे राज्याचे सेक्रेटरी मे मध्ये पद सोडून गेले.

२०२५ मध्ये परत तेच, फक्त आता केंद्राची सिस्टिम वापरून. माणूस नागरिक आहे का हे इमिग्रेशनच्या नोंदींत तपासणाऱ्या त्या सिस्टिमचं नाव सेव्ह, आणि देशभर नागरिकत्वाचा कागद सक्तीचा करू बघणाऱ्या संसदेतल्या बिलाचं नावपण सेव्ह, लोकांचा गोंधळ व्हावा म्हणूनच ठेवल्यासारखं. टेक्सासने १ कोटी ८० लाख मतदार त्यात घातले, संशयित निघाले २,७२४. ट्रॅव्हिस काउंटीने, म्हणजे ऑस्टिनने, आपल्या वाट्याची नावं तपासली तर साधारण पावभाग लोकांनी लायसन्स काढतानाच नागरिकत्वाचा कागद दिलेला होता. म्हणजे कागद राज्याच्याच एका खात्यात आणि दुसरं खातं विचारतंय कागद कुठाय. हे ऐकून ज्याला आपलं तहसील ऑफिस आठवलं नाही त्याने हात वर करा.

आता दुसरी बाजू, कारण मला एकतर्फी बोलायचं नाही. नॉन-सिटिझन यादीत सापडतात. आयोवात २०२४ ला आधी २,१७६ नावं संशयित म्हणून काउंटी ऑडिटरांकडे (तिथे निवडणुका तेच बघतात) गेली, ती बहुतेक नागरिकांचीच निघाली, पण पूर्ण तपासणीनंतर २७७ नॉन-सिटिझन यादीत होते आणि ३५ जणांनी मत दिलेलं होतं हे पण खरं आहे. १६ लाखांत ३५, पण ३५ म्हणजे शून्य नाही, गावच्या निवडणुका एकेका मताने फिरतात. आणि लोकांचं म्हणाल तर गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ८३ टक्के लोक म्हणाले पहिल्यांदा नोंदणी करताना पुरावा मागावा. सगळ्या काउंट्या विरोधात आहेत असंही नाही, माझ्याच राज्यात काही रेकॉर्डर याच्या जोरदार बाजूने आहेत. आणि विरोध करणाऱ्यांतलेही काही जण नुसते ठराव करून फोटो काढतात, शहराच्या सभेत ठराव पास झाला, टाळ्या, त्याने एका मतदाराचं काम होत नाही. मला त्या ठरावांत फारसा रस नाही. मला तो क्लार्क महत्त्वाचा वाटतो जो कमिटीसमोर जाऊन आकडे देतो, की माझ्याकडे दोन माणसं आहेत, इतके अर्ज पोस्टाने येतात, इतके इंटरनेटवरून, हे सगळे लोक कागद घेऊन प्रत्यक्ष आले तर मी त्यांना बसवू कुठे.

कारण सेव्ह बिलात तेच आहे. संसदेच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, ते जुलै २०२४ ला आणि परत एप्रिल २०२५ ला २२० विरुद्ध २०८ ने पास झालं, वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, लागणाऱ्या ६० मतांपाशी अडलं. त्यात पोस्टाने अर्ज केला तरी कागद ऑफिसात येऊन दाखवायचा. आमच्या राज्यातल्या कोकोनिनो काउंटीचं क्षेत्रफळ साधारण ४८,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राचा सहावा हिस्सा म्हणा, आणि मुख्य ऑफिस फ्लॅगस्टाफला. पेज गावातून यायचं तर एका बाजूने २०० किलोमीटरच्या वर. काउंटीला जास्तीचा पैसा किती? शून्य. मुदत किती? सही झाली की लागू. आणि खरा काटा असा की ज्या कर्मचाऱ्याने कागदाशिवाय नोंदणी केली त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अर्जदार खराखुरा नागरिक असला तरी. वर कोणीही उठून त्याच्यावर दावा लावू शकतो. आता तुम्हीच सांगा, गावातली क्लार्क, जी कुत्र्याचं लायसन्स देते, लग्नाचा परवाना देते, ती जरा शंका असलेला कागद पास करेल का? ती नाहीच म्हणणार. मीपण नाही म्हटलं असतं, मला पण पोरं आहेत.

न्यू हॅम्पशरमध्ये हे प्रत्यक्षात दिसलं. तिथे सप्टेंबर २०२४ ला कायद्यावर सही झाली, शपथपत्राची सोय काढून टाकली, आणि पहिली मोठी परीक्षा झाली मार्च २०२५ च्या गावोगावच्या निवडणुकीत. मिलफर्ड गावात एक बाई आल्या, कागद अपुरा म्हणून परत, घरून बर्थ सर्टिफिकेट घेऊन आल्या तर त्यावर माहेरचं नाव, परत घरी, लग्नाचा दाखला घेऊन आल्या तेव्हा मत दिलं. तिसऱ्या खेपेला. त्या दिवशी राज्यात किमान ९६ लोक परत गेले असं तिथल्या मतदान केंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांनी मोजलं. आपल्याकडे तर माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं मधलं नाव जाऊन नवऱ्याचं मधलं नाव, कुठे कुठे पहिलं नावपण बदललेलं. इथे जन्मलेल्या आपल्या मुली लग्नानंतर नाव बदलतात त्यांनी हे लक्षात ठेवा, बर्थ सर्टिफिकेट एकटं पुरणार नाही.

लोक विचारतात एवढा मोठा देश, लोकांकडे पासपोर्ट नाही का. साधारण निम्म्या लोकांकडे आहे. पहिल्यांदा काढायचा तर १६५ डॉलर, नुसतं कार्ड घेतलं तर ६५. विमानप्रवासाला चालणाऱ्या रिअल आयडी लायसन्सवर चांदणी असते म्हणजे नागरिक असं अनेकांना वाटतं, तसं नाहीये, तो एच-१बी वाल्यालाही मिळतो. फक्त नागरिकालाच मिळणारं खास ‘एन्हान्स्ड’ लायसन्स पाचच राज्यांत मिळतं, सीमेजवळच्या. आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेट हरवलं तर दुसरं काढायला ५०० डॉलरच्या वर आणि महिनोन्‌महिने.

काउंट्या काय करू शकतात म्हणाल तर फार काही नाही. काउंटी म्हणजे राज्याचं लेकरू, राज्याने कायदा केला की पाळावाच लागतो, नाही म्हणायची सोय नाही. केंद्राचं मात्र वेगळं. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी आदेश काढला की देशभरच्या फॉर्मला नागरिकत्वाचा कागद जोडा, त्यावर जज कोलर-कोटेली यांनी एप्रिलमध्ये स्थगिती दिली आणि ऑक्टोबरअखेर कायमचं थांबवलं, कारण निवडणुकीचे नियम ठरवायचा अधिकार घटनेने राज्यांना आणि संसदेला दिलाय, राष्ट्राध्यक्षाला नाही. त्याच सुमाराला एका संस्थेने तो देशभरचा फॉर्म ठरवणाऱ्या निवडणूक सहाय्य आयोगाकडे अर्ज केला की फॉर्म तुम्हीच बदला, आणि आयोगाने लोकांची मतं मागवली. काउंटीवाल्यांची ताकद चालते ती अशा ठिकाणी, कोर्टात आपलं म्हणणं दाखल करायचं, आयोगाला लिहून कळवायचं, आणि ते लिहिताना तत्त्वज्ञान कमी नि खिडकीवरचे किस्से जास्त लिहायचे. जजलोक किस्से वाचतात हो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मागच्या बाजूला तपासा, हवं तितकं तपासा. गाडी खातं, सोशल सिक्युरिटी, इमिग्रेशन, सगळे सरकारचेच आहेत, आपापसात जुळवा, जिथे शंका आहे तिथे माणसाला पत्र लिहा, वेळ द्या, आणि तोवर त्याचं नाव काढू नका. अ‍ॅरिझोनात २०१८ पासून कोर्टातल्या तडजोडीनंतर काउंटीनेच गाडी खात्याकडे आधी बघायचं असं ठरलं, त्याने आमचं निम्मं भांडण मिटलं. कागद माणसाकडे मागायच्या आधी आपल्या कपाटात बघावा, इतकी साधी गोष्ट आहे.

आता आपल्या लोकांसाठी कामाचं, कारण कायदा इकडे जावो नाहीतर तिकडे, हे केलेलं बरं. शपथ घेतली की दहा-बारा दिवसांनी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन आपण सिटिझन झाल्याची नोंद करून घ्या. पुष्कळ जणांचा नंबर एच-१बी च्या काळात काढलेला असतो आणि तिथे अजून तुम्ही परदेशीच असता, सेव्ह सिस्टिम तीच नोंद बघते. मग गाडी खात्यात जाऊन लायसन्स बदला, लायसन्स चालू आहे म्हणून थांबू नका. पासपोर्टला अर्ज करताना मूळ सर्टिफिकेट पोस्टाने जातं आणि काही आठवडे तुमच्या हातात काहीच नसतं, शपथेच्या हॉलबाहेर लोक मतदार फॉर्म घेऊन उभे असतात तो तिथेच भरा, सर्टिफिकेट हातात असतानाच.

मुलांचं सगळ्यात नाजूक. आई-बाबा सिटिझन झाले तेव्हा मुलगा अठराच्या आत होता, ग्रीन कार्डवर होता, इथेच तुमच्याजवळ राहत होता, तर तो आपोआप नागरिक होतो पण त्याच्या हातात कोणी काही देत नाही. बर्थ सर्टिफिकेट पुणे महानगरपालिकेचं, सोशल सिक्युरिटीत अजून ग्रीन कार्ड, आणि पोरगा विसाव्या वर्षी खिडकीवर येऊन म्हणतो मी सिटिझन आहे. असे मी किती बघितलेत. त्याचा पासपोर्ट काढून ठेवा आणि संपू देऊ नका, नाहीतर वेगळं सर्टिफिकेट काढायला आता १,३०० डॉलरच्या वर जातात. आणि ज्यांचं अजून ग्रीन कार्ड आहे त्यांनी गाडी खात्याच्या स्क्रीनवर मतदार नोंदणी करायची का असं आलं तर घाईघाईत हो दाबू नका, खिडकीवरचा माणूस दाबा म्हणाला तरी नाही. त्या एका बोटाने पुढची सगळी फाईल बंद होते.

आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका हो, मूळ कागद हातात घेऊन बघायचा असतो समोरच्याला. काकांना मी हे तेव्हाच सांगितलं तर म्हणाले, अहो बायकोचं पण केलंय.